यकृताविषयीचे एक वाक्य

दक्षिण अटलांटिक महासागरात, आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे १९०० किलोमीटर दूर, सेंट हेलेना नावाचे जे खडकाळ बेट आहे, त्याच्या एका उघड्या, वाऱ्याने झोडपलेल्या पठारावरील लाँगवुड नामक बैठ्या आणि ओलसर घरात ६ मे १८२१ रोजी दुपारी दोनच्या सुमारास काही माणसे एका मेजाभोवती जमली होती. मेजावर चादर अंथरलेली होती, आणि चादरीवर, आदल्या दिवशी सायंकाळी ५ वाजून ४९ मिनिटांनी ज्याने अखेरचा श्वास सोडला, त्या नेपोलियन बोनापार्टचा देह होता. शस्त्र हाती घेतले होते फ्रान्सेस्को आंतोमार्की या कॉर्सिकन शरीरशास्त्रज्ञाने. त्याच्या अवतीभवती सात इंग्रज डॉक्टर, मृताचे सोबती व सेवक, आणि बेटाच्या गव्हर्नराच्या वतीने सर्व प्रकार डोळ्यांत तेल घालून पाहण्यासाठी आलेला सर टॉमस रीड हा अधिकारी. युरोपातील सिंहासनांची ज्याने वाटेल तशी उलथापालथ केली, तो हा मनुष्य वयाच्या एकावन्नाव्या वर्षी कशाने मेला, एवढाच प्रश्न त्या मेजापुढे होता, आणि तो त्या दिवशीच सुटला, असे तेथे उभ्या असलेल्या बहुतेकांना वाटले. तरीही पुढे जवळजवळ दोन शतके तो धुमसत राहिला. असे का व्हावे, याची हकीकत अणुभट्ट्यांपासून जुन्या विजारींपर्यंत अनेक ठिकाणी हिंडून येते खरी, परंतु तिचा उगम शोधू गेल्यास आपण अहवालाच्या मसुद्यातून खोडल्या गेलेल्या एका लहानशा वाक्यापाशी येऊन थांबतो.

ते वाक्य समजण्यासाठी त्या बेटाची स्थिती प्रथम समजून घेतली पाहिजे. सेंट हेलेना हा त्या काळी ब्रिटिश राजाचा मुलूख नव्हता. तो आपल्याला पुरेपूर परिचित असलेल्या ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख होता, आणि हिंदुस्थानातून विलायतेस परतणारी गलबते तेथे पाणी व भाजीपाला भरून घेण्यासाठी थांबत. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या रणांगणावर शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा पराभव करणारा आर्थर वेलस्ली १८०५ मध्ये मायदेशी परतताना याच बेटावर उतरला होता आणि ‘ब्रायर्स’ नावाच्या घरी राहिला होता. दहा वर्षांनी त्याच वेलस्लीने, आता वेलिंग्टनचा ड्यूक होऊन, १८ जून १८१५ रोजी वॉटर्लू येथे नेपोलियनला धूळ चारली; आणि कैदी म्हणून ऑक्टोबरात बेटावर आणलेल्या नेपोलियनाचा पहिला मुक्काम, लाँगवुडची डागडुजी होईपर्यंत, त्याच ब्रायर्सच्या आवारात पडला. मराठी वाचकाने हा योगायोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे. आपल्या दौलतीचा कणा ज्या हाताने मोडला त्याच हाताने त्याचाही मोडला होता, आणि दोघेही कंपनी सरकारच्या बेटावर एकाच आवारात निजले होते.

डिसेंबर १८१५ मध्ये नेपोलियन लाँगवुडला राहावयास गेला आणि पुढील एप्रिलात सर हडसन लो हा नवा गव्हर्नर रुजू झाला. लो हा क्रूर मनुष्य होता असे मला वाटत नाही. तो कायद्याच्या कलमांना घट्ट चिकटून राहणारा, जबाबदारीच्या ओझ्याने सदैव धास्तावलेला आणि त्यामुळेच असह्य होणारा अंमलदार होता. कैदी पळून जाऊ नये, ही त्याची पहिली चिंता; कैदी आपल्या ताब्यात असताना मरू नये, आणि मेलाच तर त्याचा ठपका सरकारवर येऊ नये, ही दुसरी. या दुसऱ्या चिंतेने यकृत या अवयवाला राजकारणात ओढून आणले. उष्ण प्रदेशातील गोऱ्या शिपायांना यकृताचे विकार होतात आणि हवामान हेच त्याचे कारण, ही त्या काळच्या वैद्यकाची सर्वमान्य समजूत होती. तेव्हा कैद्याचे यकृत बिघडले असे कोणी म्हटले की त्याचा अर्थ सरळ होता: इंग्लंडच्या मंत्रिमंडळाने त्याला रोगट बेटावर ठेवून सावकाश मारले. उजव्या कुशीतील दुखण्याची तक्रार करणारा कैदी हे सर्व पुरते जाणून होता, आणि त्याच्याभोवतीचे फ्रेंच लोकही जाणून होते.

बॅरी ओमिआरा या आयरिश नौदल-सर्जनाने यकृतदाहाचे निदान केले, आणि गव्हर्नराशी खटके उडून १८१८ मध्ये त्याची रवानगी झाली. त्यानंतर जानेवारी १८१९ मध्ये एका रात्री नेपोलियनाची प्रकृती एकाएकी बिघडल्याने बंदरातील ‘काँकरर’ या युद्धनौकेवरील जॉन स्टोको या सर्जनाला पाचारण करण्यात आले. त्याने रोग्यास तपासून जे दिसले ते लिहिले: यकृतदाह. या लेखी मताबद्दल स्टोकोला लष्करी न्यायासनापुढे उभे करण्यात आले, आणि त्याच्यावरील आरोपांत, जो शब्द पार्लमेंटच्या कायद्याने ठरविला आहे तो न वापरता त्याने कैद्याचा निराळ्या रीतीने उल्लेख केला, हाही एक आरोप होता. ‘जनरल बोनापार्ट’ असे न लिहिता त्याने ‘रुग्ण’ असे लिहिले होते. डॉक्टराने रुग्णाला रुग्ण म्हणावे हा अपराध ठरला आणि त्याची नौदलातून बडतर्फी झाली. यानंतर त्या बेटावर जो जो इंग्रज डॉक्टर लाँगवुडच्या पायऱ्या चढला, त्याच्या डोळ्यांपुढे स्टोकोचे उदाहरण नसेल, असे मानणे कठीण आहे.

१८२० च्या उत्तरार्धापासून रोगाने उघड रूप धारण केले. अन्नावरची वासना गेली, पोटात चाकू फिरविल्यासारख्या वेदना येऊ लागल्या, पाय बर्फासारखे गार पडत, रात्री घामाने अंगरखा भिजून जाई, अंग झपाट्याने उतरू लागले. सप्टेंबर १८१९ मध्ये आलेला आंतोमार्की मृतदेहांच्या विच्छेदनात निष्णात होता, परंतु जिवंत रोग्याच्या उशाशी बसण्याचा त्याचा अनुभव तोकडा होता; त्याने दिलेल्या टार्टर एमेटिक या अँटिमनीयुक्त वांतीकारकाने रोग्याची अवस्था इतकी केविलवाणी झाली की नेपोलियनाने त्याच्या हातचे औषध घेण्यासच नकार दिला. १ एप्रिल १८२१ पासून विसाव्या पलटणीचा सर्जन आर्चिबाल्ड आर्नट येऊ लागला. हा सुस्वभावी माणूस आरंभी काही दिवस गव्हर्नराला हेच कळवीत राहिला की दुखणे मुख्यतः मनाचे आहे. नेपोलियनाला स्वतःला मात्र मनाशी एक भीती होती. त्याचा पिता कार्लो १७८५ मध्ये माँपेल्ये येथे अवघ्या ३८ व्या वर्षी वारला, आणि त्याच्या शवाची चिकित्सा झाली तेव्हा जठराच्या खालच्या द्वारापाशी कठीण गाठ सापडली होती. आपले जठर उघडून पाहा, त्याकडे विशेष लक्ष द्या, जे आढळेल ते माझ्या मुलाला कळवा म्हणजे त्याला त्यापासून स्वतःचे रक्षण करता येईल, अशी त्याने डॉक्टरांना पुनःपुन्हा ताकीद दिली. आणि याच माणसाने १५ एप्रिलच्या मृत्युपत्रात, इंग्लंडच्या सत्ताधीशांनी व त्यांच्या मारेकऱ्याने माझा अकाली वध केला, असेही लिहून ठेवले. एकच मनुष्य एकाच महिन्यात आपल्या मृत्यूची दोन कारणे सांगत होता: एक मुलासाठी, दुसरे इतिहासासाठी. पुढच्या सगळ्या वादाची बीजे या दोन निरोपांत आहेत.

३ मे रोजी आर्नट, शॉर्ट आणि मिचेल या इंग्रज डॉक्टरांनी आंतोमार्कीचा विरोध बाजूला सारून कॅलोमेल या पाऱ्याच्या रेचकाची १० ग्रेन एवढी जबर मात्रा द्यावयाचे ठरविले. मार्शाँ या विश्वासू खासगी सेवकावर ते काम येऊन पडले. धन्याला औषधाचा तिटकारा होता, फसवून काहीही देऊ नये असे त्याने निक्षून बजावले होते. मार्शाँने ती पूड साखरेच्या पाण्यात विरघळवली आणि साधे पेय म्हणून पुढे केली. नेपोलियनाने ती कष्टाने गिळली, त्याच्याकडे पाहिले, आणि तूही मला फसवतोस काय, एवढेच, परंतु रागाने नव्हे, अत्यंत मायेने विचारले. त्यानंतर काळ्या मळाचे जे जुलाब सुरू झाले ते पोटात रक्त वाहत असल्याचे निश्चित चिन्ह होते. दोन दिवसांनी सर्व संपले.

आता पुन्हा त्या मेजाकडे वळू. देह उघडल्यावर पहिली गोष्ट दिसली ती अशी की, कित्येक महिने अन्न न खाणाऱ्या या माणसाच्या उदरावर अजूनही इंचाहून अधिक जाडीचा मेदाचा थर होता; ही गोष्ट वाचकाने लक्षात ठेवावी, कारण पुढे दीडशे वर्षांनी ती साक्षीदार म्हणून उभी करण्यात आली. फुप्फुसात जुन्या क्षयाच्या खुणा होत्या. जठर बाहेर काढून उघडले तेव्हा त्याच्या आत कॉफीच्या गाळासारखा काळा द्रव भरलेला होता. आतील बाजूचा जवळजवळ सर्व पृष्ठभाग रोगग्रस्त होऊन कठीण व उंचसखल झाला होता, आणि खालच्या द्वारापासून सुमारे एक इंचावर जठराच्या भिंतीला आरपार भोक पडले होते, ज्यातून माणसाची करंगळी सहज जाऊ शकेल. या भोकातून जठरातील द्रव उदरात उतरून रोगी फार आधीच दगावला असता. परंतु यकृत त्या जागी येऊन जठराला चिकटले होते आणि त्याने ते भोक बुचासारखे बंद करून ठेवले होते. ज्या यकृतावरून वर्षानुवर्षे भांडण चालले, त्या यकृतानेच त्याला काही काळ वाचविले होते.

शरीराने याहून स्पष्ट जबानी क्वचितच दिली असेल. परंतु यकृताचे काय? बेटाचा मुख्य वैद्यकीय अधिकारी टॉमस शॉर्ट याने ते पाहून मत दिले की यकृत नेहमीपेक्षा किंचित मोठे आहे. इतर डॉक्टर तसे मानीनात. रीडने ती बाब ताबडतोब टिपून घेतली. संध्याकाळी शॉर्टने अहवालाचा मसुदा तयार केला, तेव्हा त्यात यकृत कदाचित स्वाभाविक आकाराहून थोडे मोठे असावे अशा अर्थाचे एक वाक्य होते. गव्हर्नराने ते काढून टाकावयास लावले. पाच इंग्रज डॉक्टरांनी सह्या केलेला अंतिम अहवाल त्या वाक्यावाचून सरकारी दप्तरात दाखल झाला. शॉर्टने मात्र पहिला मसुदा स्वतःजवळ जपून ठेवला, आणि खोडलेले शब्द सर हडसन लो यांच्या हुकुमाने दडपण्यात आले असा शेरा त्यावर स्वतःच्या हाताने लिहून ठेवला. आंतोमार्कीने इंग्रजांच्या अहवालावर सही करण्याचे नाकारले आणि पुढे आपला निराळा वृत्तान्त प्रसिद्ध केला, ज्यात यकृत सुजलेले असल्याचे म्हटले होते.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातील शोकांतिका येथे आहे. जठराचा कर्करोग हे निदान खरे होते. परंतु ते सरकारच्या सोयीचेही होते. बापाला झालेला रोग मुलाला झाला म्हटले की हवामान निर्दोष, बेट निर्दोष, मंत्रिमंडळ निर्दोष. आणि ज्या हाताने हे सोयीचे निदान जगापुढे ठेवले, त्याच हाताने त्या निदानाच्या शेजारचे एक गैरसोयीचे वाक्य खोडले होते. ते वाक्य तसे निरुपद्रवी होते. ते राहिले असते तरी मृत्यूच्या कारणात तिळमात्र फरक पडला नसता. परंतु पंचनाम्यातील एक ओळ ज्याने बदलली त्याच्या उरलेल्या ओळींवर कोण विश्वास ठेवील? लो याने सरकारचे नाव राखण्यासाठी जे केले, त्यानेच सरकारच्या बाजूचे सत्य कायमचे संशयित झाले. खोट्याला खोटे म्हणून कोणी नाकारले तर ते समजते. येथे खरे होते तेच, खोट्यांच्या संगतीत सापडल्यामुळे, नाकारले गेले.

संशयाला खरा आकार आला तो विसाव्या शतकाच्या मध्यावर. ज्या मार्शाँने ते साखरेचे पाणी पाजले, त्याच्या आठवणी १९५० नंतरच्या काही वर्षांत प्रसिद्ध झाल्या, आणि स्वीडनमधील गॉथेनबर्ग येथील स्टेन फोर्शुफ्वुद या दंतवैद्याने त्या वाचल्या. मार्शाँने धन्याच्या दुखण्याची रोजच्या रोज जी बारीकसारीक वर्णने दिली आहेत (पायांची दुर्बलता, झोपेचा आळीपाळीने अतिरेक व अभाव, उजेड न सोसणे, तहान), ती पाहून त्याला ठाम वाटले की ही तर सोमलाच्या विषबाधेची लक्षणे आहेत. सोमल, म्हणजे आर्सेनिक, हे विष आपल्याकडेही पुरातन काळापासून परिचित आहे; त्याला चव नाही, वास नाही, आणि थोडे थोडे दिल्यास ते रोगाच्या वेषात येते. फोर्शुफ्वुदचे भाग्य असे की पुरावा शिल्लक होता. मृत्यूनंतर नेपोलियनाचे मस्तक भादरण्यात आले होते आणि त्याच्या केसांच्या बटा निष्ठावंतांना स्मृतिचिन्ह म्हणून वाटल्या गेल्या होत्या. त्या घराण्याघराण्यांतून, पाकिटांत व लॉकेटांत, जपल्या गेल्या होत्या.

केस हा चमत्कारिक साक्षीदार आहे. तो महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो, आणि वाढत असताना रक्तात जे असेल ते आपल्या अंगात साठवून घेतो. एकदा त्वचेबाहेर आला की त्यातील ही नोंद सहसा तशीच राहते. ग्लासगो विद्यापीठातील हॅमिल्टन स्मिथ याने यासाठी नवी युक्ती योजली. केसाचा तुकडा अणुभट्टीतील न्यूट्रॉनांच्या माऱ्यात ठेवला असता त्यातील आर्सेनिक किरणोत्सर्गी बनते, आणि मग त्याच्या किरणांवरून अत्यल्प प्रमाणही मोजता येते. उत्तर आले: दहा लाख भागांत दहा भागांहून किंचित अधिक, म्हणजे आजच्या निरोगी माणसाच्या केसात असते त्याच्या अनेक पटींनी जास्त. १९६१ मध्ये ‘नेचर’ या मान्यवर नियतकालिकात हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि जगभर खळबळ उडाली. पुढे कॅनडातील बेन वायडर याने फोर्शुफ्वुदशी हातमिळवणी करून हा पक्ष हिरिरीने मांडला, आणि लाँगवुडमधील कौंट मोंतोलाँ यास मारेकरी ठरविण्यापर्यंत मजल गेली. १८४० मध्ये शव उकरले तेव्हा ते आश्चर्यकारकरीत्या टिकून राहिलेले आढळले, हेही सोमलाचेच कर्तृत्व म्हणून सांगितले गेले. चार पेट्यांच्या आत, झाळलेल्या कथिलाच्या व शिशाच्या आवरणात हवा शिरू न देता ठेवलेले शव टिकण्यास दुसरे कारण लागत नाही, हे मात्र त्या भरात मागे पडले.

सोमल केसांत होते, यात शंका नव्हती. प्रश्न एवढाच होता की ते तेथे आले कोठून. १९८२ मध्ये डेव्हिड जोन्स या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने लाँगवुडच्या भिंतींवरील कागदाचा एक तुकडा तपासला, जो त्या काळच्या एका प्रवाशाने आठवण म्हणून आपल्या वहीत चिकटवून ठेवला होता. त्यावरील हिरव्या रंगात तांबे आणि सोमल यांचे ते संयुग होते, जे १७७५ मध्ये स्वीडनच्या शेले याने शोधल्यानंतर युरोपच्या घराघरांतील भिंतींवर, पडद्यांवर व बाहुल्यांवर पसरले होते. लाँगवुडसारख्या भिंतींना सदैव बुरशी धरणाऱ्या घरात ती बुरशी रंगातील सोमलाचे वायुरूप संयुगात रूपांतर करते, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इटलीच्या गोझियो याने दाखवून दिले होते. भिंतीवरचा कागद म्हणजे मारेकरी असे म्हणणे अर्थातच घाईचे होते. परंतु त्या कागदाने एक गोष्ट सिद्ध केली, ती ही की त्या काळात सोमल हे कोणी मुद्दाम घातल्याशिवायही माणसाच्या अंगात जाऊ शकत होते. औषधांत ते होते, उंदीर मारण्याच्या पुडीत ते होते, रंगात होते.

निर्णायक तपासणी २००८ मध्ये इटलीत झाली. तेथील अणुभौतिकशास्त्राच्या राष्ट्रीय संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मिलान व पाव्हिया येथील विद्यापीठांच्या साहाय्याने, पाव्हियाच्या लहान अणुभट्टीत, नेपोलियनाच्या निरनिराळ्या वयांतील केस एकत्र तपासले: कॉर्सिकातील बालपणाचे, एल्बाच्या वनवासातील, सेंट हेलेनाचे, मृत्यूच्या दिवशीचे, शिवाय त्याची पहिली पत्नी जोसेफीन व त्याचा मुलगा यांचेही. आजच्या माणसाच्या केसांच्या मानाने सुमारे शंभर पट सोमल या सर्वांत होते, आणि आयुष्यभराच्या केसांत ते जवळपास सारखेच होते. लहान मुलाला आजन्म विष घालणारा मारेकरी कोणी कल्पू शकत नाही. १९६१ मधील मोजमाप चुकले नव्हते. तुलना चुकली होती. एकोणिसाव्या शतकातील माणसाचा केस विसाव्या शतकातील माणसाच्या केसाशी ताडून पाहण्यात आला होता, आणि शतकांमधील अंतराला विषप्रयोग समजण्यात आले होते.

एवढ्याने विषाचा प्रश्न मिटला, तरी मेदाच्या थराचा आक्षेप उरतोच. कर्करोगाने मरणारा माणूस अस्थिपंजर होऊन मरतो, मग या देहावर चरबी कशी? बाझेल येथील रोगनिदानशास्त्रज्ञ आलेसांद्रो लुग्ली आणि त्याचे सहकारी यांनी यासाठी जो मार्ग काढला तो मला सर्वांत सुंदर वाटतो. त्यांनी नेपोलियनाच्या विजारी मोजल्या. १८०० पासून मृत्यूपर्यंतच्या बारा विजारी संग्रहालयांतून जतन करून ठेवलेल्या आहेत. त्यांच्या कमरेच्या घेरावरून, जिवंत माणसांच्या मापांशी मेळ घालून, त्याच्या वजनाचा आलेख काढण्यात आला. तरुणपणीचा सडपातळ सेनापती सम्राट झाल्यावर फुगत गेला, १८२० मध्ये तो सुमारे ९० किलोंपर्यंत पोहोचला, आणि मृत्यूसमयी सुमारे ७९ किलो होता. म्हणजे रोगाने अखेरच्या महिन्यांत त्याचे दहा-अकरा किलो वजन खाऊन टाकले होते. परंतु आरंभच इतका स्थूल होता की खाऊन उरलेला देहही पंचांना मेदस्वी दिसला. कोणा शिंप्याने बेतलेल्या त्या कापडाने दोनशे वर्षांनी डॉक्टरांना जे सांगितले, ते मेजाभोवती उभ्या असलेल्या एकालाही सांगता आले नव्हते.

त्याच मंडळींनी अमेरिकेतील रॉबर्ट जेंटा याच्यासह २००७ मध्ये जठराच्या वर्णनांकडे मोर्चा वळविला. १८२१ चे डॉक्टर सूक्ष्मदर्शकाचा उपयोग करीत नसत. त्यांनी जे लिहिले ते डोळ्यांनी पाहिलेले आणि बोटांनी चाचपलेले होते. परंतु ते चांगले पाहत असत. त्यांच्या वर्णनातील विकाराचा आकार, उंचसखल कडा, त्याने जठराची लांबी व्यापण्याची रीत, आणि भोवतालच्या लसिकाग्रंथींचे काठिण्य, ही सर्व आधुनिक रुग्णांतील साध्या व्रणांच्या व कर्करोगांच्या चित्रांशी ताडून पाहता, निष्कर्ष निघाला की हा पसरलेला कर्करोग होता, त्याची लांबी दहा सेंटिमीटरहून कमी नसावी, आणि तो अशा अवस्थेत होता की आजच्या उत्तमोत्तम रुग्णालयातही त्या रोग्याचे आयुष्य फार वाढले नसते. पित्यापासून आलेला रोग म्हणून नेपोलियनाला जी भीती वाटत होती, तीही बहुधा अनाठायी होती. जठरात वर्षानुवर्षे वास करून तेथे व्रण उत्पन्न करणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या सूक्ष्म जंतूचा शोध १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियात लागला; मोहिमांवरील खारवलेले मांस, भाज्या व फळे यांचा अभाव, आणि हा जंतू यांनी मिळून जुन्या व्रणाचे कर्करोगात रूपांतर झाले असावे, असे या अभ्यासकांचे मत आहे.

अखेरचा घाव कोणता, याबद्दल मात्र मी स्वतः डॉक्टरांना पूर्ण मुक्त करू शकत नाही. टार्टर एमेटिकने झालेल्या ओकाऱ्या, रोज दिलेले एनिमा, आणि शेवटी दहा ग्रेन कॅलोमेल, यांनी शरीरातील पोटॅशियम इतके खालावले असावे की हृदयाचा ठोकाच बिघडला, अशी उपपत्ती स्टीव्हन कार्च या अमेरिकन न्यायवैद्यकतज्ज्ञाने २००४ मध्ये मांडली. रक्तस्राव आणि ही उपपत्ती यांत विरोध नाही. कर्करोगाने ज्याला दारापर्यंत नेले होते, त्याला उपचारांनी काही दिवस आधी आत ढकलले, एवढेच फार तर म्हणता येईल. त्या वेळच्या वैद्यकात रेचक देणे हे धर्मकृत्यच होते, आणि तीन इंग्रज डॉक्टर सद्भावनेने वागले याविषयी मला संदेह नाही.

लंडनमधील शस्त्रवैद्यांच्या राजविद्यापीठाच्या संग्रहालयात नेपोलियनाच्या आतड्याचे म्हणून सांगितले जाणारे दोन तुकडे कित्येक वर्षे ठेवलेले होते. १९४१ मधील जर्मन बाँबवर्षावात ते नष्ट झाले. ते खरे होते की नाही, याने आता काही साधणार नाही. खरा पुरावा निराळ्याच ठिकाणी गेला होता. शवचिकित्सा संपल्यावर हृदय आणि जठर रुप्याच्या दोन भांड्यांत घालण्यात आले. हृदय पार्मा येथे पत्नी मारी लुईझ हिच्याकडे पोहोचवावे, अशी मृताची इच्छा होती. लो याने परवानगी नाकारली, आणि दोन्ही भांडी देहाबरोबरच पेटीत ठेवून ९ मे रोजी एका झऱ्याजवळच्या दरीत पुरण्यात आली. आंतोमार्कीने जठर स्वतःबरोबर नेण्याची खटपट केली होती, म्हणजे युरोपातील विद्वानांपुढे ते ठेवता आले असते. तीही मोडून काढण्यात आली.

१५ ऑक्टोबर १८४० रोजी फ्रेंच सरकारच्या विनंतीवरून ती कबर उघडली गेली. रात्रभर पावसात दगड फोडून पेट्या वर काढण्यात आल्या, आणि एका तंबूत, ‘बेल पूल’ या जहाजावरील डॉक्टर गियार याने आतील कथिलाचा पत्रा कापून, साटीनचे अस्तर पायांकडून हळूहळू मस्तकाकडे गुंडाळीत नेले. गणवेष ओळखू येत होता. चेहरा ओळखू येत होता. एकोणीस वर्षांपूर्वी मार्शाँ ज्या खाटेशी बसला होता, त्या खाटेवरच्या धन्याला त्याने पुन्हा पाहिले. पायांच्या मध्ये, ठेवली होती त्याच जागी, रुप्याची ती दोन भांडी होती. ती उघडावीत असे कोणी म्हणाले नाही. हवेने काही अपाय होऊ नये म्हणून दोन मिनिटांतच अस्तर पूर्ववत पसरण्यात आले, पत्रे पुन्हा झाळण्यात आले, आणि ते जठर, ज्याच्याबद्दल यापुढे इतके लिहिले जावयाचे होते, पॅरिसच्या वाटेला लागले.